विमानाच्या पंखाची फासळी माझ्या टेबलावर राहिल्याबाबत

अर्जदार : ठाण्याच्या कचेरीबाहेर चिंचेखाली टेबल मांडून बसणारा अर्जनवीस, वय अठ्ठेचाळीस, राहणार डोंबिवली, शिक्षण मराठी सहा इयत्ता आणि इंग्रजी तिसरीचे अर्धे वर्ष.

ज्याच्याविरुद्ध तक्रार : हा रकाना मी तूर्त मोकळा ठेवीत आहे. प्रथम मी येथे दक्षिणेकडील एका संस्थेचे नाव घालणार होतो.

नावे : कोणाचेही देणार नाही. ज्यांना ओळखायचे ते ओळखतील.

तारखा : निश्चित सांगता येत नाहीत. देश स्वतंत्र झाल्याला थोडीच वर्षे झाली होती आणि आपल्याकडेही विमाने बांधली जाणार, अशा बातम्या वर्तमानपत्रांत येऊ लागल्या होत्या.

साक्षीदार : एक, बाळकुमचे मिठागरवाले गृहस्थ, ज्याची ही फासळी त्या मुलाचे वडील. दोन, तलाठी. तीन, कल्याणचा भंगारवाला. चौथी साक्षीदार माझी पत्नी; परंतु तिची साक्ष माझ्याविरुद्ध जाते.

मुद्देमाल : अ‍ॅल्युमिनियमची एक फासळी, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत लांब, अंगात ओळीने पाच गोल भोके, एका टोकाला पोलादाचा जाड तुकडा जडवलेला. सध्या अर्जदाराच्या ताब्यात.

हकीकत येणेप्रमाणे.

माझ्या हाताला यश आहे, अशी त्या काळी पंचक्रोशीत समजूत होती आणि ती खोटी नव्हती. युद्धाच्या धामधुमीत बाळकुमच्या या गृहस्थांचे मिठागर सरकारजमा होण्याच्या बेतात होते. मी लिहिलेल्या तीन अर्जांनी ते वाचले. तेव्हापासून त्यांच्या घरचा कोणताही कागद सरकारकडे जायचा तो माझ्या टेबलावरून जायचा. म्हणून त्यांचा थोरला मुलगा इंटर सायन्स पास झाला आणि दक्षिणेतल्या संस्थेत विमानविद्या शिकण्यासाठी अर्ज करायचा म्हणाला, तेव्हा वडील त्याला हाताला धरूनच माझ्याकडे घेऊन आले.

"रायटर, तू लिव," ते म्हणाले. "पोराचा विंग्रजी चांगला हाय, पन सरकारशी कसा बोलायचा ते त्याला काय म्हाईत?"

मुलगा उंच, सावळा, सारखा वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उभा राहणारा. मिठागरवाल्यांना ही सवयच असते. वारा कुठून येतो त्यावर त्यांचे पाणी आटते. त्याने छापील फॉर्म माझ्यापुढे ठेवला. फॉर्मच्या शेवटी लिहिले होते की उमेदवाराने स्वतःविषयी एका पानात लिहावे आणि हाताने केलेल्या कामाचा काही पुरावा असल्यास सोबत जोडावा. त्याखाली वयाची अट होती. त्या जूननंतर मुलाचे वय तिच्यात बसणार नव्हते. म्हणजे ही संधी पहिली आणि शेवटची होती, आणि हे आम्हा तिघांनाही ठाऊक होते.

"पुरावा काय जोडणार?" मी विचारले.

त्याने पिशवीतून एक वही काढली आणि ही फासळी काढली. युद्ध संपल्यावर कल्याणच्या बाजूला मोडक्या विमानांचे पत्रे भंगारात आले होते, त्यातून त्याने ती मागून आणली होती.

"काका, ही पंखाच्या आतली फासळी. बघा, मुद्दाम भोकं पाडलीत. भोकं पाडूनही वाकत नाही. मी दोन्ही टोकं विटांवर ठेवून वर मिठाच्या गोण्या ठेवून पाहिलंय. किती गोण्यांना किती वाकली ते सगळं वहीत लिहिलंय."

"आणि हे काय?" वहीत एका तागडीचे चित्र होते. तागडीच्या एका पारड्याला कागदाचा पंख बांधलेला.

"बांधावर संध्याकाळचा वारा एकसारखा येतो. तिथं तागडी लावली. पंख थोडा तिरका केला की पारडं वर जातं. आणखी तिरका केला की आणखी वर. पण एका हद्दीपुढं तिरका केला ना काका, की पारडं एकदम खाली. धपकन! दर वेळी त्याच जागी. असं का होतं तेच मला शिकायचंय. तिकडं त्यांच्याकडं वाऱ्याचा बोगदा आहे, त्यात सगळं मोजता येतं."

"बोगदा बघायला एवढ्या लांब कशाला?" मी म्हणालो. "पारसिकचा रेल्वेचा आहे की इथं."

वडील मोठ्याने हसले. मुलगाही हसला, पण त्याने वही मिटली. ती वही मी नीट वाचायला हवी होती. मी वाचली नाही. तागडी, गोण्या, कागदाचे पंख हा सारा प्रकार मला पोरखेळ वाटला. हे जोडले तर तिकडचे साहेब हसतील आणि माझ्या अक्षराची किंमत जाईल, असे मी मनाशी ठरवले.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगणे भाग आहे. पक्षकाराला दहा वेळा हेलपाटे नकोत म्हणून आम्ही कोऱ्या कागदांच्या तळाशी आधीच त्याची सही किंवा अंगठा घेऊन ठेवतो आणि मजकूर मागाहून सवडीने भरतो. बापाने आयुष्यभर माझ्याकडे कोऱ्या कागदावर अंगठा दिला होता. मुलगा क्षणभर घुटमळला. वडील म्हणाले, "अरे, रायटरवर भरोसा नाय?" त्याने चार कागदांच्या तळाशी इंग्रजीत सही केली. स्वतः लिहून आणलेले एक पान त्याने फासळीखाली सरकवले आणि म्हणाला, "काका, यातलं घ्या हं." मी मान डोलावली.

त्या पानात काय होते हे मी आता तोंडपाठ सांगू शकतो, कारण पुढे ते मी अनेकदा वाचले. मी अमक्या गावचा, आम्ही मीठ पिकवतो, वाऱ्याकडे लक्ष ठेवणे हे आमचे काम, मी अशी अशी तागडी केली, मला अमुक एक गोष्ट कळलेली नाही. बस्स. त्यात एकही विनंती नव्हती. मी तेव्हा ते वाचून हसलो. आमच्या धंद्यात अर्जदार कधी उभा नसतो, तो पायाशी असतो. पायाशी नसलेल्या माणसाला सरकार ओळखीत नाही, असे माझ्या गुरूंनी मला शिकवले होते, आणि वीस वर्षे मला तसाच अनुभव आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझा जुना इंग्रजी नमुना काढला आणि एका पानाऐवजी चार पाने भरली. अर्जदाराचे वडील दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेले व मृतवत असून घरात दोन वेळचे अन्न नाही. अर्जदार हा निराधार कुटुंबाचा एकमेव आधार असून मायबाप सरकारने दयेचा हात न दिल्यास कुटुंबास जीवन कंठणे अशक्य होईल. विमानविद्येचा उल्लेख चौथ्या पानाच्या अखेरीस केला. वही आणि फासळी जोडली नाही. लखोटा मी स्वतः टपालात टाकला आणि त्या दिवशी मला फार समाधान वाटले, हे कबूल करतो.

मग उत्तराची वाट सुरू झाली. मुलगा एक दिवसाआड येई. टेबलाजवळ बसत नसे. चिंचेभोवती फेऱ्या मारी, कचेरीच्या पायऱ्या चढे, उतरे, पोस्टमन दिसला की थांबे. त्याचे पाहून माझीही बैठक मोडली. मी एका जागी बसून दोन अर्ज लागोपाठ लिहू शकेना. खाडीवरचा वारा कागद उडवी, म्हणून ही फासळी मी त्यांच्यावर ठेवू लागलो. वजनाला बरी होती. मुलाने एकदा ती पाहिली आणि विचारले, "काका, ही इथं?" मी म्हणालो, "आमच्याकडून नक्कल गेलीय." फासळीची नक्कल कशी जाते, हे त्याने विचारले नाही. मोठ्या माणसाला खोटे पाडायचे नाही, हे त्याच्यावरचे संस्कार होते.

जून उलटला.

पावसाळा गेला, मिठाचा हंगाम लागला, आणि एका दुपारी कचेरीतला एक कारकून पान चघळीत माझ्याकडे आला. त्याच्या हातात माझ्याच अक्षरातली चार पाने होती.

"अर्जनवीस, तुमचं पाखरू दक्षिणेची यात्रा करून घरी आलं बघा!"

वरती तिकडच्या संस्थेची चिठ्ठी टाचलेली होती. मजकूर इतकाच होता की सदर अर्ज साहाय्य मिळण्याविषयीचा दिसत असल्याने योग्य त्या कार्यवाहीसाठी जिल्ह्याच्या कचेरीकडे पाठविण्यात येत आहे. माझ्या टेबलापासून निघालेला कागद माझ्या टेबलापासून पन्नास पावलांवर परत आला होता. त्यावर साहेबांचा शेरा पडला होता : तलाठ्याने समक्ष जाऊन कुटुंब निराधार आहे किंवा कसे याची चौकशी करावी.

तलाठी माझ्या ओळखीचे. म्हणाले, "चला, तुमचंच गिऱ्हाईक. घर दाखवा." नाही म्हणण्याचे धैर्य मला झाले नाही. बाळकुमपर्यंत आम्ही पायी गेलो. वाटेत मी दोनदा चपलेचा अंगठा नीट करण्याच्या मिषाने थांबलो.

घर मिठागराच्या बांधालगत होते. कौलारू, दारात दोन बैल, ओटीवर सुकत टाकलेली मासळी, आणि पाचदहा माणसे मिठाच्या राशी ओढीत होती. तलाठ्यांनी कागद उघडला.

"अंथरुणाला खिळलेले गृहस्थ कुठे आहेत?"

डोक्यावर मिठाची भरली टोपली घेऊन एक मनुष्य समोरून येत होता. त्याने टोपली राशीवर ओतली, अंगावरचे मीठ झटकले आणि म्हणाला, "कोन खिललाय? या घरचा मालक मीच."

"इथं लिहिलंय, तुम्ही मृतवत आहात."

"म्हंजी?"

"मेल्यासारखे."

कामावरचे सगळे थांबले. कोणीतरी मागून म्हणाले, "दादा, मंग काल जत्रेचे नाटकान कोन नाचत होता, तुजा भूत?" हशा पिकला. ते मात्र हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"माज्या घरान खायाला नाय, असा कोनी लिवला?"

मी म्हणालो, "तशी लिहिण्याची पद्धत असते."

"माजा अंगठा घेऊन तू मागं काय काय लिवलास, मी कवा विचारला नाय. मीठागर वाचला, मी बोललो, रायटर देवमानूस. तवा पन मी मेलो होतो काय रं?"

तेव्हाही तेच लिहिले होते.

तलाठ्यांनी ओटीवर बसून अहवाल लिहिला : कुटुंब सुस्थितीत, अर्जातील मजकूर खोटा. आतून त्यांच्यासाठी चहा आला. माझ्यासाठी आला नाही, आणि तो मी अपेक्षिलाही नव्हता. मुलगा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. ती चार पाने तलाठ्यांच्या हातून घेऊन त्याने तिथेच वाचली. शेवटची सही स्वतःची आहे, हे त्याने बोट ठेवून पाहिले.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला. मी रागाची तयारी करून बसलो होतो. रागावर काय बोलावे हे मला येते. तो रागावला नाही.

"काका, माझी वही कुठाय?"

मी पेटीतून काढून दिली.

"पाठवलीच नव्हती?"

"अरे, त्या तागडीला कोणी विचारलं असतं?"

"त्यांनी तेच विचारलं होतं, काका. फॉर्मात तेवढंच विचारलं होतं."

मग त्याने टेबलावरची फासळी उचलली. त्याबरोबर खाडीकडून वारा आला आणि खालचे कागद फडफडून उठले. एक वकीलपत्र जमिनीवर गेले. त्याने ते उचलले, बाकीचे कागद एका हाताने सारखे केले, आणि फासळी होती तशी पुन्हा त्यांच्यावर ठेवली.

"वारा आहे," तो म्हणाला. "राहू द्या."

आणि गेला.

मी स्वस्थ बसलो नाही. त्या संस्थेला मी मागाहून सात अर्ज पाठवले. पहिल्यात लिहिले की चूक अर्जदाराची नसून लेखनिकाची आहे. परंतु लिहिता लिहिता लेखनिक वयोवृद्ध, दृष्टिहीन आणि कुटुंबकबिल्याने गांजलेला झाला. हाताला वळणच पडलेले. सातव्या अर्जाला उत्तर आले : जागा भरल्या आहेत, वयाची अट शिथिल होत नाही. उत्तर सभ्य होते. त्यांचे नाव न घालता मी वर रकाना मोकळा ठेवला आहे, तो याच कारणास्तव.

नंतर एका रविवारी मी डोंबिवलीहून कल्याणला त्या भंगारवाल्याकडे गेलो. कशाला गेलो, हे मला सांगता येत नाही. दुसरी फासळी मिळाली तर ती मी टेबलावर ठेवीन आणि मूळची परत करीन, असा काहीसा विचार असावा. भंगारवाला म्हणाला, "साहेब, तो माल कधीच वितळला. तुमच्या घरातलं भाताचं पातेलंसुद्धा कधीकाळी आभाळात फिरून आलं असेल."

घरी आल्यावर मी पातेले उलटे करून पाहू लागलो. पत्नी म्हणाली, "काय शोधताय? खाली भोक पडलंय का?"

"नाही. हे कशाचं केलंय ते पाहतोय."

"पातेल्याची एवढी चौकशी करता! त्या पोराची वही उघडून पाहिली असती, तर त्याचं शिक्षण नसतं बुडालं." ती भाताकडे वळली. म्हणूनच वर म्हटले की तिची साक्ष माझ्याविरुद्ध जाते.

मात्र तिच्या बोलण्यावरून मी एक केले. मुलाचे ते एक पान माझ्या पेटीतच राहिले होते, ते काढून वाचले. मग पुन्हा वाचले. पंख एका हद्दीपर्यंत तिरका करावा, त्यापुढे केला की पारडे एकदम पडते. वीस वर्षे मी प्रत्येक अर्जदाराला थोडा अधिक वाकवीत आलो, आणि प्रत्येक वेळी पारडे वर गेले, म्हणून हद्द असते हे मला कधी कळलेच नाही. ते त्या मुलाला मिठागराच्या बांधावर कळले होते आणि त्याने ते मला टेबलाशी उभे राहून सांगितले होते.

पुढे तो दक्षिणेत गेलाच. शिकायला नव्हे, विमाने बांधण्याच्या एका कारखान्यात कामगार म्हणून. हे मला दोन वर्षांनी कळले. कळले ते असे की त्याचे वडील एका सकाळी चिंचेखाली येऊन उभे राहिले. बसले नाहीत. गावातले मास्तर परगावी गेले होते आणि मुलाचे पत्र आले होते.

"वाच," ते म्हणाले. "निस्ता वाच. आपल्या मनाचा काय घालू नको."

मी वाचले. मुलगा लिहीत होता की त्याला पत्र्याच्या खात्यात घेतले आहे. पंखांच्या फासळ्यांना भोके पाडायची आणि त्यांच्या कडा मुडपायच्या, हे त्याचे काम. कडा मुडपल्यामुळे भोक पाडलेला पत्रा उलट अधिक ताठ होतो, हे त्याला आता कळले आहे. दुपारच्या सुटीत तो विमानांचे आराखडे काढतात त्या नकाशाघराच्या खिडकीशी उभा राहून आत चाललेले काम पाहतो. आत जाण्याची परवानगी शिकलेल्यांना असते. पत्रात माझा उल्लेख नव्हता. मी दोनदा पाहिले.

"आता उत्तर लिव," वडील म्हणाले.

मी लेखणी बुडवली आणि सवयीने पहिली ओळ मनात जुळवू लागलो. त्यांनी ते ओळखले असावे.

"येवडाच लिव. बाप उभा हाय. मीठ चांगला हाय. बस."

"आणखी काही?"

"नाय."

एवढेच लिहिले. 'बाप उभा आहे. मीठ चांगले आहे.' माझ्या हातून गेलेला, ज्यात कोणी कोणाच्या पायाशी नाही, असा तो पहिला कागद. अंगठा घेण्यासाठी मी शाई पुढे केली, तेव्हा ते थांबले. आधी मजकूर मला दोनदा मोठ्याने वाचायला लावला, मग अंगठा दिला. त्या दिवसापासून मी कोऱ्या कागदावर कोणाची सही घेत नाही. शेजारचे अर्जनवीस हसतात. माझ्याकडची गिऱ्हाइके निम्मी त्यांच्याकडे गेली आहेत, कारण माझ्या अर्जात पूर्वीसारखे रडू येत नाही म्हणतात.

अजूनही ठाण्यावरून विमान गेले की मी लिहिणे थांबवून उठतो. पंखांखाली बघतो. इतक्या खालून काय दिसणार? तरी उठतो. गिऱ्हाईक वाट पाहत बसते.

सबब विनंती, दक्षिणेकडील कारखान्यातल्या पत्र्याच्या खात्यात काम करणाऱ्या, मूळच्या बाळकुमच्या त्या गृहस्थास :

वर मोकळा ठेवलेला रकाना मी भरीत आहे. तक्रार अर्जदाराविरुद्धच आहे. अर्जदार अंथरुणाला खिळलेला नाही, निराधार नाही, त्याची दृष्टी ठीक आहे, आणि त्याला दोन वेळचे जेवण मिळते. त्याने तुमची वही पाठवली नाही आणि तुमची एकुलती संधी, कदाचित सारे शिक्षण, घालवले. फासळी व तुमचे ते एक पान, असे दोन नग त्याच्याजवळ आहेत. ते टपालाने पाठवावेत, वडिलांकडे पोहोचते करावेत, की आहेत तेथेच राहू द्यावेत, हे एका कार्डावर, एका ओळीत कळवावे. उत्तर नकाराचे असले तरी ते मिळावे.

हा मजकूर मी पूर्ण लिहून मग खाली सही करीत आहे.